मोरीतून वाहून जाणारी ऊब

डिसेंबरात बेळगावची थंडी बोचू लागली की आमच्या घरी गिझरवरून कुरबुर सुरू होते. कोमट पाणी मोरीत जाताना पाहून आई हळहळते. धारवाडकडची आमची सौ.ही 'बिसिनीरु' वाया गेलं म्हणते.

एकदा मी थर्मामीटर घेऊन बसलो. नळाचं पाणी २२ अंश, अंघोळीचं ४२, मोरीतलं ३४! वीस लिटरची बादली तापवायला जवळजवळ अर्धं युनिट वीज लागते. त्यातली निम्म्याहून अधिक उष्णता मोरीत जाते.

परदेशात शॉवरच्या सांडपाण्याच्या नळाभोवती तांब्याची नळी गुंडाळतात. तिच्यातून येणारं थंड पाणी न मिसळता कोमट होतं. पण त्यासाठी पाणी येणं आणि जाणं एकाच वेळी हवं. आपण तर बादली आधी भरतो!

मग परसात, केळीकडे जाणाऱ्या नळाखाली टप ठेवला. त्यात दहा लिटरची झाकणाची तांब्याची कळशी. पंधरा मिनिटांत तिच्यातलं पाणी २७ अंशांवर! पुढच्या बादलीची आठवा हिस्सा वीज वाचली. "एवढ्यासाठी एवढा खटाटोप?" चिरंजीवांनी विचारलं. आई म्हणाली, "चुलीपुढं धूर खाऊन पाणी तापवलंय मी. तुला नाही कळायचं."

आता कळशी तोच उचलतो. वाचकहो, करून पाहा.