जीपगाडीच्या विभेदी पेटीत पाणी कसे शिरते?

चारही चाकांना गती देणारी गाडी मुंबईकरांच्या परिचयाची झाली ती मुख्यतः जीपच्या रूपाने. महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीने 1940 च्या दशकाच्या अखेरीस माझगाव येथे विलीज जीपच्या सुट्या भागांची जुळणी आरंभिली. त्या जीपपासून 2020 साली बाजारात आलेल्या नव्या थारपर्यंत गाडीचे बाह्य रूप पुष्कळ पालटले; परंतु तिच्या पोटाखालील तीन पेट्या मात्र तत्त्वतः त्याच राहिल्या. पुढील व मागील आसांच्या मध्यावर एकेक विभेदी दंतचक्रपेटी, म्हणजे डिफरन्शियल, असते. गिअरबॉक्समागे असणारी ट्रान्स्फर केस इंजिनाची शक्ती या दोन्ही आसांकडे वाटून देते. या तिन्ही पेट्यांतील तेल केव्हा बदलावे, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः किलोमीटरांत दिले जाते. परळ-दादरच्या सखल भागातून पावसाळ्यात जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे उत्तर अपुरे आहे.

प्रथम या तेलाचे कार्य पाहू. विभेदी पेटीतील लहान दंतचक्राचा, म्हणजे पिनियनचा, अक्ष मोठ्या क्राऊन चक्राच्या अक्षाखाली ठेवलेला असतो. या हायपॉइड रचनेत दाते एकमेकांवर केवळ लोळत नाहीत, तर लांबीच्या दिशेने घसरतातही. संपर्कबिंदूवरील दाब इतका प्रचंड असतो की साध्या खनिज तेलाचा थर तेथे टिकत नाही. म्हणून या तेलात गंधक व फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेली असतात. घर्षणाने दात क्षणभर तापला की ही संयुगे पोलादाशी संयोग पावून एक पातळ, घसरडा थर निर्माण करतात. गॅरेजमध्ये ‘नव्वद नंबर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तेलाला जो उग्र वास येतो, तो या गंधकाचा. पाणी मिसळले म्हणजे ही सर्व व्यवस्था कोलमडते. तेल दुधी होते, बेअरिंगांवर गंजाचे खळगे पडतात आणि एकमेकांना जुळवून दिलेली क्राऊन-पिनियनची जोडी अखेर जोडीनेच बदलावी लागते.

आता पाणी शिरते कसे? ‘गाडी पाण्यात उभी राहिली, पाणी झिरपले’ असे सांगितले जाते. परंतु हे स्पष्टीकरण अर्धवट आहे. पुण्याहून घाट उतरून आलेल्या गाडीची विभेदी पेटी 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली आहे असे समजू. हिंदमाता चौकात ती साचलेल्या पाण्यात उतरते आणि पेटीतील हवा 30 अंशांवर येते. केल्व्हिन मापाने 353 वरून 303, म्हणजे बंद पोकळीतील दाबात सुमारे 14 टक्के घट झाली. वातावरणाचा दाब पाण्याच्या 10.3 मीटर उंच स्तंभाइतका असल्याने ही घट सुमारे 1.4 मीटर स्तंभाएवढी भरते. गुडघाभर पाण्याचा स्वतःचा दाब याच्या निम्माही नसतो. तात्पर्य, पाणी आत ढकलले जाण्यापेक्षा ओढले जाते अधिक.

आसाच्या माथ्यावरील श्वासनलिका, म्हणजे ब्रीदर, पाण्याखाली असेल तर हे शोषण तिच्यातूनच होते. पोकळीत 4 लिटर हवा धरली तर दाब समान होईपर्यंत अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी आत येऊ शकेल. आणि युद्धकालीन विलीज जीपच्या एकेका आसात तेल असते ते अवघे सव्वा क्वार्ट, म्हणजे सुमारे 1.2 लिटर! नलिकेवर एकदिश झडप असली, अथवा ती चिखलाने बुजली असली, तर शोषणाचा ताण ऑइल सीलवर येतो. सीलचे ओठ आतील तेल अडविण्यासाठी घडविलेले असतात. उलट दिशेने त्यांचा भरवसा धरता येत नाही. नलिकेला रबरी नळी जोडून तिचे तोंड इंजिनाच्या उंचीवर नेणे, हा अल्प खर्चाचा उपाय आहे.

हिंदमाताचा उल्लेख निव्वळ उदाहरणादाखल नाही. हा भाग बशीसारखा खोलगट आहे. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने आखलेली होती. 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने हे प्रमाण 50 करण्याची शिफारस केली. पुढे दादर-परळ भागात पाणी साठविण्यासाठी भूमिगत टाक्याही बांधण्यात आल्या. नव्या थारची पाण्यात चालण्याची मर्यादा 650 मिलिमीटर सांगितली जाते, परंतु तुंबलेल्या रस्त्यावर पाण्याची खोली कोण मोजतो?

तेल बदलताना गाडी थोडी चालवून तेल कोमट करावे, असा सर्वसाधारण नियम आहे, व तो योग्यच आहे. तथापि पाण्याचा संशय असल्यास क्रम उलटा करावा. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या तळाशी पाणी बसलेले असते. निचऱ्याचा बोल्ट किंचित सैल केला की तेच प्रथम बाहेर येते. काही पाणी तेलातच विरून राहते. त्याकरिता तापलेल्या तव्यावर तेलाचा एक थेंब टाकावा; तो तडतडला तर पाणी आहे.

कोणताही निचरा करण्यापूर्वी भरण्याचा बोल्ट सुटतो याची खात्री करून घ्यावी. हा क्रम चुकला आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी कोरड्या पेटीनिशी जागच्या जागी अडकते. निचऱ्याच्या बोल्टवर चुंबक असल्यास त्यावरील बारीक राखाडी लेप नेहमीच्या झिजेचा मानावा, पण पोलादाचा कण बोटाला टोचला तर पेटी उघडणे भाग आहे. गाडी सपाटीवर ठेवून नवे तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेला टेकेपर्यंत घालावे. अधिक घातल्यास ते फेसाळते व सीलमधून वाट काढते.

ट्रान्स्फर केसला हेच तेल चालेल, असे गृहीत धरू नये. जुन्या विलीजमध्ये तिला सुमारे दीड क्वार्ट साधे खनिज गिअर तेल लागे. पुष्कळ आधुनिक पेट्यांत स्वयंचलित गिअरबॉक्सचे पातळ, लाल तेल असते. आणि हायपॉइड तेलातील गंधक काही पितळी भागांना बाधते. त्यामुळे येथे उत्पादकाची पुस्तिकाच प्रमाण. ट्रान्स्फर केस आसापेक्षा उंचावर असल्याने तिच्यात पाणी उशिरा शिरते. पण दोन्ही आसांतील तेल दुधी आढळले, तर तिचाही बोल्ट त्याच दिवशी सैल करून पाहावा. पावसाळ्यात शिरलेल्या पाण्याचा आवाज बहुधा दिवाळी उलटल्यावर ऐकू येतो.