काऊची नजर

स्टुडिओत शिरलो की मी आधी फरशी बघतो. बाकीचे लाइट बघतात, सेट बघतात. मला वायर कुठून गेली आहे, सुताराचा खिळा कुठे पडून राहिला आहे का, हे बघावं लागतं, कारण पुढचे सात-आठ तास मी तिथेच असणार. चार चाकांची बुटकी फळी, तिच्यावर गादीचा तुकडा, समोर जमिनीवर ठेवलेला मॉनिटर, कपाळाला पट्टीनं बांधलेला माइक आणि डोक्यावर सरळ उभा केलेला उजवा हात. त्या हातावर काळ्या फ्लीसचा कावळा. लहान मुलांच्या कार्यक्रमात तो भिंतीवर बसून गप्पा मारतो. भिंतीच्या वर काऊ, भिंतीच्या खाली मी. अशी सतरा वर्षं झाली.

बाहुल्यांचं काम करतो म्हटलं की महाराष्ट्रात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ओठ न हलवता बोलता येतं का हो तुम्हाला?" हा प्रश्न अर्धवटराव या बोलक्या बाहुल्यामुळे येतो आणि तो यावा, याचा मला आनंदच आहे. यशवंत पाध्ये आणि त्यांच्यानंतर रामदास पाध्ये यांनी बोलक्या बाहुल्या घराघरात नेल्या. पण ती विद्या शब्दभ्रमाची. तिथे कलाकार बाहुल्याच्या शेजारी उघड बसलेला असतो, म्हणून ओठ न हलवणं हीच कसोटी. आमचं तसं नाही. आम्ही फ्रेमच्या बाहेर असतो, ओठ मोकळेपणानं हलवतो. उलट मी काऊच्या तोंडचं वाक्य बोलताना भुवया, मान, खांदा, सगळं हलवतो, कारण माझ्या अंगात जे होत नाही ते हातात उतरत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात, त्यांचा हात वर आणि बाहुली खाली. आमची बाहुली वर आणि माणूस खाली. हात आणि बाहुली यांच्यामध्ये दोरी नाही, काही नाही. माझी कातडी, मग फोम, मग कापड.

शिकायला येणाऱ्याला मी महिनाभर बोलू देत नाही. फक्त बघायला लावतो. म्हणजे बाहुलीला बघायला लावतो. हात वर ताणला की मनगट आपोआप मागे झुकतं आणि बाहुली छताकडे बघायला लागते. नवख्याला ते कळतही नाही. त्याला वाटतं आपण समोर बघतोय. मनगट पुढे मोडायचं, अगदी दुखेपर्यंत मोडायचं, तेव्हा कुठे काऊची नजर कॅमेऱ्याच्या भिंगावर येते. नजर दोन बोटं जरी चुकली तरी घरी बसलेल्या मुलाला वाटतं, हा माझ्याशी नाही, माझ्यामागच्या कपाटाशी बोलतोय. मग ते मूल उठून जातं. तक्रार करत नाही, नुसतं उठून जातं.

त्यात मॉनिटरची गंमत. आरशात आपण उजवीकडे सरकलो की प्रतिबिंबही त्याच बाजूला सरकतं. मॉनिटर आरसा नाही. मी काऊला माझ्या उजवीकडे नेलं की पडद्यावर तो डावीकडे जातो. पहिले काही दिवस हात आणि डोळे यांचं भांडण चालतं. काऊ फ्रेममध्ये यायच्या ऐवजी बाहेर पळतो, शेजारच्या चिऊ या बाहुलीकडे तोंड करायच्या ऐवजी तिला पाठ दाखवतो. हे डोक्यानं सुटत नाही. रोज तासभर करत राहिलं की एके दिवशी हात स्वतःहून उलटं शिकतो. त्यानंतर मला कुणी मॉनिटर आरशासारखा फिरवून दिला तर मीच गडबडून जाईन.

काऊचे डोळे म्हणजे टेबल टेनिसचा एक चेंडू, मधोमध कापलेला. बुबुळं काळ्या फेल्टची. ती आधी टाचणीनं लावायची, बाहुली कॅमेऱ्यासमोर धरायची, मॉनिटरवर बघायचं, एक बुबुळ केसभर आत सरकवायचं, पुन्हा बघायचं. दोन्ही बुबुळं बरोबर मधोमध लावली तर बाहुली मेल्यासारखी दिसते. ती किंचित नाकाकडे झुकली की एकाएकी ती कुणाकडे तरी बघायला लागते. 'सेसमी स्ट्रीट' या अमेरिकेतल्या मुलांच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या बाहुल्या घडवणारे डॉन साहलिन डोळे आणि नाक यांच्यातल्या त्या त्रिकोणाला सगळ्यात जास्त जपत. आमच्या काऊची बुबुळं ठरवायला एक अख्खी संध्याकाळ गेली होती. शेवटी जी जागा सापडली ती मधल्या खुणेपासून जेमतेम दोन मिलिमीटर आत होती. गोंद लावला तेव्हा खोलीतले आम्ही तिघंही गप्प झालो, कारण टेबलावरचा कापडाचा गोळा आता आमच्याकडे बघत होता.

मग जबडा. वरच्या चोचीत चार बोटं, खालच्या चोचीत अंगठा. बोलताना अंगठा खाली जायला हवा. माणूस बोलताना त्याचं डोकं मागे उडत नाही, खालचा जबडा खाली जातो. नवखा चार बोटं वर उचलतो आणि कावळा प्रत्येक शब्दाला आकाशाकडे झटका मारतो. दुसरी चूक म्हणजे अक्षर सुरू झालं की चोच मिटणं. त्याला आम्ही 'शब्द खाणं' म्हणतो. 'मला भूक लागली' हे घ्या. 'म'ला चोच मिटलेली, 'ला'ला उघडी, 'भू'ला अगदी थोडी, 'लागली'तल्या 'ला'ला पुन्हा मोठी. प्रत्येक अक्षराला उघडझाप केली तर ते टाइपरायटरसारखं दिसतं. मोठे स्वर पकडायचे, बाकीचे जाऊ द्यायचे.

मराठीची एक अडचण मला या कामातच कळली. आपल्या वाक्याचा जीव शेपटीत असतो. 'मी उद्या तुझ्याबरोबर शाळेत येणार' इथपर्यंत सगळं गोड असतं आणि मग येतं 'नाही'. काऊनं मध्येच मान खाली घातली तर ते 'नाही' वाया जातं. म्हणून शेवटच्या शब्दापर्यंत नजर धरून ठेवायची, चोच मिटल्यावरही क्षणभर धरायची. त्या क्षणात समोरचं मूल वाक्य समजून घेतं. घाईत केलेल्या कार्यक्रमांत हा क्षणच आधी कापला जातो. माझं एडिटरशी जे काही भांडण होतं ते याच्यावरून.

या कामात ज्यांना मी मनोमन गुरू मानलं त्या कॅरोल स्पिनी यांना मी कधी भेटलो नाही. 1969 साली 'सेसमी स्ट्रीट' सुरू झालं तेव्हापासून बिग बर्ड तेच होते. आठ फूट दोन इंचांचा पिवळा पक्षी. उजवा हात डोक्याच्या वर पक्ष्याच्या मानेत आणि चोचीत; त्याच हाताच्या करंगळीनं पापण्या हलवायच्या. डावा हात डाव्या पंखात. मग उजवा पंख रिकामा राहतो, त्याचं काय? डाव्या हातापासून मासेमारीची नायलॉनची दोरी गळ्याखालच्या कडीतून उजव्या पंखापर्यंत नेलेली. डावा पंख खाली गेला की उजवा वर. पोशाखात डोळ्यांसाठी भोकं नव्हती. छातीला बांधलेला छोटा टीव्ही, त्यावर जे दिसेल तेवढंच जग. संवादाची पानंही आतच लावलेली. या अवस्थेत ते चालले, नाचले, स्केटिंगही केलं.

पण मी त्यांना गुरू मानतो ते या कसरतीसाठी नाही. सुरुवातीला बिग बर्ड हा खेड्यातून आलेला बावळट पक्षी होता. स्पिनींच्या लक्षात आलं की हा बावळट नाही, हा लहान मूल आहे. त्याला अजून माहीत नाही, एवढंच. तिथून तो पक्षी बदलला. कार्यक्रमातले दुकानदार मिस्टर हूपर, म्हणजे नट विल ली, 1982च्या डिसेंबरमध्ये वारले. त्यांच्या जागी दुसरा नट आणायचा नाही, ते गावाला गेले असंही सांगायचं नाही, असं कार्यक्रमवाल्यांनी ठरवलं. 24 नोव्हेंबर 1983च्या भागात बिग बर्ड सगळ्यांची चित्रं काढून आणतो, ती वाटतो, आणि मिस्टर हूपरांचं चित्र हातात घेऊन विचारत राहतो, ते परत का येणार नाहीत. ती चित्रं स्पिनींनी स्वतः काढली होती. मी तो प्रसंग कितीदा तरी आवाज बंद करून पाहिला आहे. आवाज नसतानाही त्या पक्ष्याला काय होतंय ते कळतं. हात डोक्यावर धरून, छातीवरच्या टीव्हीत बघत एका माणसानं ते केलं आहे.

आपल्याकडे 2006 साली 'सेसमी स्ट्रीट'चं भारतीय रूप 'गल्ली गल्ली सिम सिम' आलं, त्यातले चमकी आणि बूम्बा आले, आणि अशा फ्रेमखालच्या कामाची पद्धत इथल्या मुलामुलींना शिकायला मिळाली. ते हिंदीत होतं. मराठीत रोजचा, वर्षानुवर्षं चालणारा, बाहुल्यांचा असा कार्यक्रम असावा, याची मी अजून वाट बघतो आहे. आम्ही जे करतो ते तुकड्यातुकड्यानं चालतं. सव्वीस भाग झाले की बंद, मग दोन वर्षांनी पुन्हा फोन.

एका शूटिंगला चार-साडेचार वर्षांची मुलगी आली होती. ती आली तेव्हा मी फळीवर होतो, हात वर, काऊ भिंतीवर. तिनं भिंतीच्या कडेनं वाकून मला पाहिलं. अगदी नीट पाहिलं. माझा घामेजलेला शर्ट, कपाळावरचा माइक, काऊच्या पोटात गेलेला हात. मला वाटलं, झालं, आता ही काऊशी बोलणार नाही. ती सरळ झाली, काऊकडे वळली आणि म्हणाली, "काऊ, तुझ्या खाली एक काका झोपलेत." काऊ म्हणाला, "हो, ते माझ्याच घरी राहतात." तिनं मान डोलावली आणि फ्रॉकच्या खिशातून शेंगदाण्याचा लाडू काढला. अर्धा काऊच्या चोचीत धरला. उरलेला अर्धा वाकून मला दिला. तिला दोन्ही खरं होतं. लाडूचा चुरा चोचीतून माझ्या कोपरापर्यंत आला. आम्ही तो टेक ठेवला. त्यानंतर तिला काऊचा पंख धरायचा होता. तिच्या बाजूचा पंख नुसता लोंबता होता, त्यात हात नव्हता. माझ्या शेजारी पडून असलेल्या सहकाऱ्यानं कुणी न सांगता आपला हात त्यात सरकवला आणि तिची बोटं धरली. एका पक्ष्यात दोन माणसं आणि दोघांचा श्वास एका लयीत. हे ठरवून होत नाही, रोज बरोबर काम केल्यावर होतं.

याची किंमत खांदा देतो. हात वर धरणं सोपं वाटतं. भिंतीशी उभं राहून दहा मिनिटं धरून बघा. मी रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्या संपेपर्यंत रिकामा हात वर धरतो. तरी गेल्या वर्षी रात्री कुशीवर झोपता येईना. डॉक्टरांनी विचारलं, "वजनं उचलता का?" काऊचं वजन पाव किलोही नाही, पण पाव किलो आठ तास डोक्यावर धरलं तर खांद्याला ते पोतं वाटतं.

माणसाच्या खांद्याला औषध आहे, फोमला नाही. मुंबईच्या दमट हवेत फोम आठ-दहा वर्षांत पिवळा पडतो, मग चिकट होतो, मग बोटं लावताच भुगा. एका वाहिनीवरचा आमचा जुना कार्यक्रम संपला तेव्हा बाहुल्या काळ्या पिशव्यांत भरून गोदामात टाकल्या गेल्या. तीन पावसाळ्यांनंतर मला आत जाऊ दिलं. हत्ती ओळखू येत नव्हता. काऊचं कापड उंदरांनी कुरतडलं होतं, आतला फोम माझ्या मुठीत पिठासारखा आला. डोळे मात्र तसेच होते. मी ते दोन अर्धे चेंडू खिशात घालून घरी आणले. चित्रपटाची रिळं जपावीत हे आता आपल्याला पटलं आहे. मुलांनी ज्यांच्याशी मैत्री केली त्या बाहुल्याही जपण्याची वस्तू आहेत. वाहिन्यांनी निदान त्या बनवणाऱ्यांना आणि चालवणाऱ्यांना परत द्याव्यात. आम्ही त्या कोरड्या पेटीत ठेवू.

स्पिनींनी 2015 नंतर पोशाख घालणं थांबवलं, 2018 पर्यंत नुसता आवाज दिला आणि मग काम सोडलं. 2019च्या डिसेंबरमध्ये ते गेले. पक्षी राहिला, कारण मॅट व्होगेल हे त्यांच्या हाताखाली कितीतरी वर्षं तेच काम करत होते. आवाज एकवेळ रेकॉर्ड करून ठेवता येतो. मनगट किती मोडायचं, हे एका हातानं दुसऱ्या हाताला शेजारी पडून दाखवावं लागतं.

माझ्याकडे दर शनिवारी एक मुलगी शिकायला येते. तिचा नजरेचा महिना संपला, मग आणखी एक महिना मी मागितला, तोही तिनं न कुरकुरता दिला. आता ती 'नाही' शेवटपर्यंत धरून ठेवते. मागच्या आठवड्यात आम्ही नवा काऊ कापायला घेतला. डोळे जुनेच लावले, बुबुळं दोन मिलिमीटर आत. जबडा तिच्या हाताच्या मापानं केला आहे. माझा हात आता त्यात जात नाही.