एका साच्याची गाडी : मेयर्स मँक्स

किट कार म्हणजे कारखान्यातून सुट्या स्वरूपात मिळणारी मोटार. तिची बॉडी आणि जोडणीचे काही भाग उत्पादक पुरवतो, तर इंजिन, गिअरबॉक्स, चाके असे यांत्रिक भाग एखाद्या जुन्या गाडीतून काढून ग्राहक ती स्वतः उभी करतो. या धंद्यात फायबरग्लासला जे महत्त्व आले त्यामागे भांडवलाचे गणित आहे, कारण पत्र्याची बॉडी ठोकण्यासाठी लागणारी अवजड प्रेस यंत्रे आणि पोलादी डाय लहान उद्योजकाच्या आवाक्यात कधीच नव्हत्या, मात्र एक साचा, रेझिनचे पिंप आणि काचतंतूंची चटई एवढ्यावर त्याला बॉडी काढता येत असे. कॅलिफोर्नियातील बी. एफ. मेयर्स अँड कंपनी या छोट्या कंपनीचा उदय आणि अस्त हे दोन्ही या एका गोष्टीतून समजून घेता येतात.

संस्थापक ब्रूस मेयर्स (1926–2021) हे चित्रकार, लाटांवर स्वार होणारे सर्फर आणि मुख्यतः फायबरग्लासच्या नौका बांधणारे कारागीर होते. कोकण किनाऱ्यावर आज ज्या पद्धतीने फायबरच्या होड्या बनतात, मूलतः त्याच पद्धतीने त्यांनी 1964 मध्ये न्यूपोर्ट बीच येथे आपली पहिली गाडी घडवली. प्रथम गाडीचा पूर्णाकृती नमुना घडवून त्यावरून साचा घेतला जातो. साच्याच्या आतल्या बाजूला मेण घासून जेलकोट, म्हणजे रंगासह बाहेरचा गुळगुळीत थर, लावतात. तो आवळला की काचतंतूंची चटई अंथरून तीत हार्डनर मिसळलेले रेझिन मुरवतात आणि रोलर फिरवून हवेचा एकेक बुडबुडा बाहेर काढतात, कारण आत राहिलेला बुडबुडा पुढे तडा जाण्याची जागा ठरतो. सपाट फायबरग्लास लवतो आणि वळवलेला ताठ राहतो, हे नौकाबांधणीतले ज्ञान मेयर्स यांनी चाकांवरच्या फुगीर मडगार्डांत उतरवले, त्यामुळे या गाडीचे सौंदर्य आणि तिची मजबुती वेगळी काढता येत नाही.

‘ओल्ड रेड’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या लाल गाडीला स्वतंत्र चासी नव्हती, बॉडी हाच सांगाडा होता. अशा जेमतेम डझनभर गाड्या झाल्यावर ही रचना खर्चिक ठरते असे दिसले, म्हणून मेयर्स फोक्सवॅगन बीटलच्या तळपत्र्याकडे वळले. त्याची सुमारे 36 सेंटिमीटर लांबी मधून कापून दोन्ही तुकडे पुन्हा वेल्डिंगने जोडायचे आणि त्यावर नवी बॉडी बोल्टने बसवायची, असे काम आता ग्राहकाकडे आले. बीटलचे हवेने थंड होणारे इंजिन मागे असल्याने रेडिएटरची कटकट नव्हती, शिवाय वजन मागच्या चाकांवर पडून वाळूत पकड मिळत असे. आखूड झालेल्या या गाडीला आइल ऑफ मॅन बेटावरच्या लांड्या मांजरीवरून ‘मँक्स’ हे नाव मिळाले, आणि ते चपखल होते.

1967 मध्ये मेयर्स आणि टेड मँगल्स यांनी ओल्ड रेडमधून मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातील ला पाझ ते तिहुआना हे अंतर 34 तास 45 मिनिटांत कापून मोटारसायकलचा जुना विक्रम पाच तासांहून अधिक फरकाने मोडला. त्याच वर्षी तिथे झालेली पहिली ‘मेक्सिकन 1000’ शर्यतही मँक्सनेच जिंकली. कंपनीकडे मागणीचा ओघ सुरू झाला.

आणि नकलांचाही. ज्या तंत्राने मेयर्स यांना भांडवलाविना उत्पादक केले, त्याच तंत्राने तयार बॉडीवरून थेट साचा उचलणे इतरांना सोपे करून दिले. मेयर्स यांनी पेटंटच्या आधारे न्यायालयात दाद मागितली, पण निकाल त्यांच्या विरोधात गेला. वर्षानुवर्षे खपून शोधलेला आकार एका दिवसात उचलला जावा आणि कर्त्याला काहीच संरक्षण मिळू नये, हा त्यांच्यावरचा अन्यायच म्हटला पाहिजे. सहा हजारांच्या आसपास किट विकून 1971 मध्ये कंपनी बंद पडली, तर जगभरातील नकलांचा अंदाज अडीच लाखांच्या घरात केला जातो. मेयर्स 2000च्या सुमारास पुन्हा या धंद्यात उतरले आणि 2020 मध्ये त्यांनी कंपनी विकली. त्याआधी, 2014 मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत ओल्ड रेडचा समावेश झाला होता. त्या नोंदवहीतले ते दुसरे वाहन होते.