आमचा खंड्या का भुंकतो?

मुलांनो, कुत्रा तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. कुत्रा इमानी प्राणी आहे. तो घराची राखण करतो. खंडोबाला कुत्रा प्रिय आहे. चंपाषष्ठीला आमच्याकडे भरीत-रोडग्याचा नैवेद्य करतात, तेव्हा कुत्र्यालाही घास देतात. दत्ताच्या तसबिरीतही चार कुत्री असतात. एवढे आपल्याला माहीत असते. पण कुत्रा का भुंकतो ते आपण कधी विचारत नाही. तो भुंकला की आपण दगड मारतो. मीसुद्धा मारत होतो. आता मारत नाही. का मारत नाही ते या लेखात लिहिले आहे.

आमच्या कुत्र्याचे नाव खंड्या. तो तांबड्या रंगाचा आहे. एक कान उभा आणि एक कान पडलेला आहे. तो दोन वर्षांचा आहे. आम्ही त्याला अंगणात शेवग्याला साखळीने बांधत होतो. तो रात्री फार भुंकायचा. शेजारच्या काकींच्या घरी दीड महिन्याचे बाळ आहे. खंड्या भुंकला की बाळ उठायचे आणि रडायचे. मग काकी उठायच्या. एके दिवशी सकाळी काकी आमच्या आईकडे आल्या आणि बोलता बोलता त्यांनाच रडू आले. त्या म्हणाल्या, “ताई, आठ रात्री झाल्या, डोळ्याला डोळा नाही.”

अण्णांनी ते ऐकले. ते म्हणाले, “लई झालं आता. आठ दिवसांत कुत्रं गप झालं तर ठेवू. न्हायतर टेम्पोत घालून माळशेज घाटाखाली सोडून येईन.”

मला जेवण गेले नाही. शाळेत गुरुजींनी विचारले, “काय रे, तोंड का उतरलंय?” मी सगळे सांगितले. गुरुजी म्हणाले, “डॉक्टर आधी औषध देतो का आधी नाडी बघतो? तू पण आधी बघ. कधी भुंकतो, कशाला भुंकतो, वहीत लिही.”

पण मी रात्री झोपतो. मग कसे लिहिणार? आमच्या आजीला खोकल्यामुळे रात्री झोप कमी लागते. मी आजीला विचारले. आजीला लिहिता येत नाही. ती म्हणाली, “मी वाटीत चिंचोके टाकीन. एकदा भुंकला की एक चिंचोका.” मग तीच म्हणाली, “पण त्याचं भुंकणं दोन तऱ्हेचं आहे. वाटंनं कोण गेलं तर खडखडून भुंकतो. आन् एक रडल्यावाणी असतं, हेल काढून. त्याला मी खडा टाकीन.”

पहिल्या रात्रीचे सकाळी मोजले. ५ चिंचोके आणि ९ खडे. म्हणजे १४ वेळा.

मला वाटत होते की खंड्या चोरावर नाहीतर माणसांवर भुंकतो. पण खडे जास्त निघाले! म्हणजे तो जास्त वेळा रडतच होता. मी शेवग्याखाली जाऊन पाहिले. साखळी झाडाला गुंडाळून गुंडाळून दोन हातच उरली होती. पाण्याचे भांडे पालथे पडले होते आणि ते त्याला पोचत नव्हते. रात्रभर त्याला पाणी नव्हते. मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याला दगडी डोण ठेवली. ती उलटत नाही. साखळीला दोरी जोडून ती लांब केली. त्या रात्री ५ चिंचोके, ६ खडे पडले. म्हणजे ११.

तिसऱ्या रात्री मी एक चूक केली. मी जागाच राहिलो आणि तो भुंकला की भाकरीचा तुकडा टाकला. तो लगेच गप्प झाला. फक्त ७ वेळा भुंकला. मला वाटले, जमले! पण चौथ्या रात्री मी झोपलो आणि तो १३ वेळा भुंकला. आजी म्हणाली, “त्याला कळलं ना, भुंकलं की भाकरी मिळती.” म्हणजे मीच त्याला भुंकायला शिकवले होते.

त्या दिवशी मला राग आला आणि मी त्याला शिपटी मारली. तो गप्प बसला. पण मग मी जवळ गेलो तर तो शेपूट पोटात घालून मागे सरकला. रोज माझा हात चाटतो, तो चाटला नाही. अशी शांतता मला नको होती.

पाचव्या दिवशी आमच्या गाईला तपासायला गुरांचे डॉक्टर आले. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी गोठ्यात पाटीवर बसून सगळी वाचली आणि मला खूप माहिती सांगितली. ती अशी :

कुत्र्याचे पूर्वज लांडगे होत. माणूस निदान १४,००० वर्षांपासून कुत्रा पाळतो. मोठे लांडगे फारसे भुंकत नाहीत. कुत्रा खूप भुंकतो. त्याला बोलता येत नाही म्हणून भुंकणे हीच त्याची बोली आहे. एकच शब्द आहे पण अर्थ पुष्कळ आहेत.

अनोळखी माणूस आला तर तो भरभर आणि जाड आवाजात भुंकतो. एकटा पडला तर थांबून थांबून, बारीक आवाजात भुंकतो आणि मधे हेल काढतो. भूक, तहान लागली तरी तसेच. घरचे माणूस आले तर आनंदाने उड्या मारत भुंकतो, तेव्हा सगळे अंग हलते. दुसऱ्या आळीचे कुत्रे भुंकले तर त्याला जबाब देतो. दिवाळीत फटाक्यांना घाबरून भुंकतो. दुखत असले तरी भुंकतो. म्हणून नेहमी गप्प असणारा कुत्रा एकदम भुंकायला लागला तर त्याला डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक. आपल्याला काही ऐकू येत नाही आणि कुत्रा भुंकतो, तेव्हा लोक म्हणतात त्याला भूत दिसले. तसे नाही. आवाज म्हणजे कंपने. माणसाला एका सेकंदाला २० ते २०,००० कंपनांचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा येतो. म्हणजे इतके बारीक आवाज त्याला कळतात की आपल्याला त्यांचा पत्ताच नसतो. आणि नाक तर आपल्यापेक्षा फारच तीक्ष्ण असते. मग तो भुंकणारच.

डॉक्टरांनी विचारले, “तो भुंकला की घरातले काय करतात?” मी म्हणलो, “अण्णा आतून ‘ए गप्प!’ असं जोरात ओरडतात.” डॉक्टर हसले. म्हणाले, “त्याला वाटतं मालक पण माझ्याबरोबर भुंकतोय. मग तो आणखी जोर करतो.” अण्णा तिथेच गाईला धरून उभे होते. ते काही बोलले नाहीत. पण त्या रात्रीपासून ओरडले नाहीत.

डॉक्टर जाताना अण्णांना म्हणाले, “रात्री त्याला बाहेर बांधू नका. ह्या भागात बिबट्या आहे. बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट.” आमच्या जुन्नर तालुक्यात ऊस पुष्कळ आहे आणि बिबटे उसात लपतात. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्रसुद्धा आहे. बिबट्या कुत्री उचलून नेतो हे सगळ्यांना माहीत आहे, तरी सगळे कुत्री बाहेरच बांधतात.

मग आम्ही पुढील उपाय केले.

१) संध्याकाळी मी खंड्याला दोरी लावून विहिरीपर्यंत फिरवून आणतो. दिवसभर बांधलेल्या कुत्र्याचे पाय शिवशिवतात. फिरला की तो दमतो आणि झोपतो.

२) रात्री त्याला जेवण देऊन जाळीच्या पडवीत घेतो आणि दार लावतो. खाली माझे जुने पोते टाकतो. त्याला माझा वास येतो, म्हणून एकटे वाटत नाही.

३) जाळीला खालून अर्ध्यापर्यंत गोणपाट बांधले. वाटेवरचे माणूस त्याला दिसत नाही.

४) पहाटे दुधाची गाडी घेऊन जाणारे काका आहेत. त्यांच्यावर तो रोज भुंकायचा. मी काकांना सांगितले. त्यांनी दोन दिवस तो शांत असताना भाकरीचा तुकडा दिला. आता तो काकांना बघून शेपूट हलवतो.

५) भुंकला की मी ओरडत नाही. हळू आवाजात एकदाच “बस” म्हणतो आणि थांबतो. तो गप्प झाला की मग त्याला तुकडा देतो. भुंकत असताना देत नाही. गप्प झाल्यावरच द्यायचे, ही मुख्य गोष्ट आहे.

पाचव्या रात्री ४ चिंचोके आणि ३ खडे. सहाव्या रात्री ३ आणि १. सातव्या रात्री ३ चिंचोके, खडा एकही नाही! काकी म्हणाल्या, “काल बाळ सलग झोपलं.” पण अण्णा काही बोलले नाहीत. एक रात्र उरली होती.

आठव्या रात्री मलाही जाग आली. खंड्या भुंकत होता पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. खोल होता, घशातून आल्यासारखा. पाठीवरचे केस उभे होते आणि तो भुंकत भुंकत मागे घरात येत होता. मी “बस” म्हणलो तरी थांबला नाही. अण्णा उठले. त्यांनी दार उघडले नाही, खिडकीतून बॅटरी मारली. बराच वेळ तो भुंकला. बाळ पण उठले. मला वाटले, आता सगळे संपले.

सकाळी वाटीत ३ चिंचोके होते आणि एक सुपारी होती. मी विचारले, “आजी, सुपारी कशाची?” आजी म्हणाली, “ते भुंकणं येगळंच होतं. त्याला काय टाकू कळंना. चंचीत हात घातला, सुपारी लागली.”

अण्णा अंगणात वाकून काहीतरी बघत होते. शेवग्याखालच्या ओल्या मातीत ठसे होते. कुत्र्याच्या पायापेक्षा मोठे, गोल आणि नखे न उमटलेले. कुत्र्याच्या ठशात नखे दिसतात. बिबट्या चालताना नखे आत घेतो. नंतर वनखात्याची माणसे आली, त्यांनी बिबट्याच आहे असे सांगितले. खंड्याला आम्ही चार दिवसांपूर्वीपर्यंत तिथेच बांधत होतो.

अण्णांनी शेवग्याची साखळी सोडली आणि गोठ्यात खुंटीला टांगून ठेवली. मी विचारले, “अण्णा, माळशेजला कधी जायचं?” ते म्हणाले, “गप जेव. शाळेला उशीर होतोय.”

काकी आईला म्हणाल्या, “असं भुंकायचं असेल तर भुंकू दे बाई. बाळाला मी निजवीन.”

म्हणजे कुत्र्याचे भुंकणे सगळे बंद करायचे नसते. दुःखाचे भुंकणे असेल तर दुःख दूर करायचे. सवयीचे असेल तर सवय मोडायची. आणि सुपारीचे असेल तर उठून बघायचे.

शेवटी सर्वांसाठी सूचना. अनोळखी कुत्रा भुंकला तर पळू नका, दगड मारू नका, त्याच्या डोळ्यांत बघू नका. हात खाली ठेवून उभे राहा आणि मग हळूहळू मागे सरका. जेवणाऱ्या किंवा पिले असलेल्या कुत्रीजवळ जाऊ नका. कुत्रा चावला तर घरी लपवू नका. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. लगेच आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या आणि सांगितलेल्या सर्व तारखांना जा. ही लस लुई पाश्चर यांनी १८८५ साली प्रथम एका मुलाला दिली आणि तो वाचला. तो मुलगा ९ वर्षांचा होता, म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान. आपल्या कुत्र्यालाही दरवर्षी लस टोचून घ्या. खंड्याला टोचली आहे.

तुमचा कुत्रा का भुंकतो? आठ दिवस वहीत लिहा आणि इथेच माझ्या लेखाखाली लावा. चिंचोके हवे असतील तर आमच्याकडे आहेत.

— इयत्ता ४ थी