पाखरांचा फराळ

नाशिक शहरातून पश्चिमेकडे निघालेला गंगापूर रोड सोमेश्वराच्या मंदिरावरून पुढे गंगापूर गावाकडे व तेथील धरणाकडे जातो. जवळूनच गोदावरी वाहते. एकीकडे नदीकाठची झाडी व मळे, तर दुसरीकडे वाढत्या शहराच्या इमारती, असा हा परिसर आहे. येथील घरांच्या अंगणांत व गच्च्यांवर चिमण्या, बुलबुल, साळुंक्या आणि होले अन्नाच्या शोधात येतात. थोडी मेहनत घेतली, तर मुलांना घरच्या घरी त्यांच्यासाठी फराळ तयार करता येतो.

पाखरांसाठी घास काढून ठेवणे ही महाराष्ट्रातील जुनी रीत होय. सुगी झाली की शेतकरी धान्याच्या कणसांची जुडी घराच्या वळचणीला टांगीत. लहान बाळाला भरविताना आईदेखील चिऊ-काऊच्या नावाने घास काढते.

परंतु सर्वच पाखरांना एकच अन्न चालत नाही. कोण काय खातो, हे त्याच्या चोचीवरून ओळखता येते. चिमणीची चोच आखूड व जाड असते. तिने धान्याचे टरफल सहज फुटते. बुलबुल व तांबट यांना पिकलेली फळे प्रिय असतात. शिंजीर या इवल्या पक्ष्याची चोच लांब व बाकदार असते. ती फुलात घालून तो मध शोषून घेतो. म्हणून चिमणीसाठी दाणे, बुलबुलासाठी पपई, पेरू किंवा द्राक्षांच्या फोडी आणि शिंजिरासाठी अंगणात जास्वंदीचे झाड, अशी योजना करावी.

दाण्यांचा फराळ करणे सोपे आहे. अर्धी वाटी ज्वारीचे पीठ पाण्यात शिजवून घट्ट उकड करावी. ती निवल्यावर तीत वाटीभर बाजरी, राळे व तांदळाच्या कण्या मिसळाव्या. नारळाच्या करवंटीला काठाजवळ तीन भोके पाडून घ्यावी. हे काम मात्र वडील माणसांकडून करवून घ्यावे. करवंटीत हे मिश्रण दाबून भरावे, उन्हात सुकवावे आणि सुतळीने सावलीत टांगावे. मांजराची उडी पोचणार नाही, इतकी उंची असावी. जवळच मातीच्या उथळ परळात पाणी ठेवावे.

या फराळात मीठ, तेल किंवा तिखट घालू नये. पाखराचा देह लहान असतो. आपल्याला चवीपुरते वाटणारे मीठ त्याला अपायकारक ठरते. त्यामुळे शेव-चिवडाही त्याला देऊ नये. उरलेला फराळ दोन दिवसांनी काढून टाकावा व करवंटी धुवावी. पावसाळ्यात तर अन्नाला लवकर बुरशी येते. घाणेरड्या भांड्यातून एका पाखराचा रोग दुसऱ्याला जडतो. म्हणून पाणी रोज बदलावे.

एवढे केले तरी चिमणीची मुख्य अडचण दूर होत नाही. मोठी चिमणी दाण्यांवर जगते. पण तिची कोवळी पिले प्रामुख्याने किडे व अळ्या यांवर वाढतात. अंगणात सरसकट कीटकनाशक फवारले, तर करवंटी दाण्यांनी भरलेली असूनही घरट्यातील पिले उपाशी राहतात. शिवाय जुन्या वाड्यांच्या भिंतींतील कोनाडे व तुळयांच्या फटी नव्या इमारतींत नसतात. मग चिमणीने घरटे बांधावे कोठे?

हा प्रश्न नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांना जाणवला. त्यांनी ‘नेचर फॉरेव्हर सोसायटी’ ही संस्था स्थापून चिमण्यांसाठी लाकडी घरटी व दाणापात्रे लोकांपर्यंत पोचविली. या संस्थेच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्च हा दिवस ‘जागतिक चिमणी दिन’ म्हणून पाळला जाऊ लागला. आज अनेक देशांत हा दिवस साजरा होतो.

करवंटीतील दाणे पाखरांना अंगणात बोलावतात, पण तेथे त्यांचा संसार थाटायचा असेल, तर देशी झुडपे, विषमुक्त माती व घरट्यासाठी एखादा आडोसाही हवा. ज्या घरची मुले फराळाबरोबर या गोष्टींचीही काळजी घेतील, त्या घरच्या वळचणीला पिलांची चिवचिव ऐकू येईल.