सरबतातले सल्फाइट आणि कार्बनची पट्टी

उन्हाळ्यात खानदेशातला पारा चाळिशी ओलांडतो आणि सुरत-नागपूर महामार्गावरच्या साक्रीत थंड पेयांचा खप वाढतो. बाटलीवर निदान ‘वर्ग 2 परिरक्षक’ अशी ओळ तरी असते. सुट्या सरबताच्या अर्कात काय आणि किती घातले आहे, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्गच नाही. अन्नसुरक्षा कायद्याने अन्न विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवस दिले आहेत; तोवर अर्काचा तो डबा रिकामा झालेला असतो. म्हणून तालुक्याच्या गावीच पहिली चाळणी करणारी स्वस्त विद्युत-रासायनिक चाचणी हवी, आणि तिची सुरुवात सल्फाइटपासून व्हावी. काही दमेकऱ्यांना सल्फाइटने धाप लागते, हे एक कारण. दुसरे म्हणजे ते विजेला चटकन दाद देते. साखर तपासण्याच्या पट्टीसारख्याच कार्बनच्या पट्टीवर थेंब ठेवून व्होल्टेज हळूहळू वाढवले, की एका टप्प्यावर सल्फाइट दोन इलेक्ट्रॉन सोडून सल्फेट होते आणि आलेखात प्रवाहाचा उंचवटा दिसतो. जितके सल्फाइट जास्त, तितका तो उंच. हे मोजणारे ‘चीपस्टॅट’ नावाचे उपकरण 2011 मध्ये 80 डॉलरांच्या आत बनवून त्याचा आराखडा सर्वांना खुला केला गेला. बेंझोएट मात्र असे सहज सापडत नाही, त्यासाठी विकरांचा आडमार्ग घ्यावा लागतो. एकच पट्टी सगळे ओळखते, असा दावा कुणी केला तर तो मानू नये.

लिंबातले क जीवनसत्त्वही जवळपास त्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सोडते, हा आक्षेप खरा आहे आणि गंभीरही. त्यावर उपाय असा, की नमुना आधी आम्ल करायचा. सल्फाइटचा सल्फर डायऑक्साइड वायू होऊन पातळ पडद्यापलीकडे जातो, जीवनसत्त्व अलीकडेच राहते. दुसरा आक्षेप साखरेचा. आपल्याकडची बरीच साखर गंधकाच्या धुरीने शुभ्र केलेली असते, मग दोष सरबतवाल्याचा कसा? पण साखरेत किलोमागे 70 मिलिग्रॅमपर्यंतच सल्फर डायऑक्साइड चालतो. अर्कात निम्मी साखर धरली, तरी त्यातून फार तर 35 येईल. पाणी घालून प्यायच्या सरबतांना 2011 च्या नियमावलीने 350 ची मर्यादा घातली होती. 400 दिसले तर ते साखरेच्या माथी मारता येणार नाही.

न्यायालयात ही पट्टी टिकणार नाही, हेही खरे. तिथे प्रयोगशाळेचाच अहवाल लागेल. पण कोणता नमुना तिकडे पाठवायचा, हे पट्टी त्याच दिवशी सांगेल. आणि तो पाठवायला अधिकाऱ्याचीच वाट पाहायला नको: विकत घेतानाच विक्रेत्याला तशी कल्पना देऊन आणि शुल्क भरून कोणताही ग्राहक अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. कायद्याच्या कलम 40 ने तो हक्क दिला आहे, तो वापरा.