उरलेल्या दहा टक्क्यांचे गणित

स्वीडनमध्ये लुलेओ इथे २०२१ साली कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून लोहखनिजापासून स्पंज आयर्न तयार झाले. तेव्हापासून हरित पोलादाच्या बातम्यांना खंड नाही. खनिजाचे लोखंड किती झटपट झाले हे अशा बातमीत वाचले, की मी आधी पाहतो ते किती टक्क्यांपर्यंत झाले.

भट्टीत जाते ती खनिजाची सेंटिमीटरभर व्यासाची गोळी. कारखान्यात तिला पेलेट म्हणतात. हायड्रोजन बाहेरच्या थरातला ऑक्सिजन ओढून घेतो, त्याची वाफ होते आणि मागे सच्छिद्र लोखंडाचे कवच राहते. आता पुढच्या हायड्रोजनला या कवचातूनच आत शिरायचे असते. यात्रेच्या दिवशी दर्शनाला निघालेले आणि दर्शन घेऊन परतणारे एकाच चिंचोळ्या बोळात समोरासमोर यावेत, तसे हायड्रोजन आणि वाफ एकमेकांना अडवतात. शिवाय हा बोळ सतत लांबत जातो आणि गाभारा लहान होत जातो!

साकाए यागी आणि दाईझो कुनी या जपानी संशोधकांनी १९५५ साली हे गणितात बसवले. आक्रसणाऱ्या गाभ्याचे हे प्रारूप वेळ कुठे जातो ते सांगते. गोळीचा व्यास दुप्पट केल्यावर वेळ दुप्पट लागला, तर गाभ्यावरची रासायनिक क्रिया मंद आहे. चौपट लागला, तर दोष बोळाचा. दोन आकारांच्या गोळ्या घेऊन हे तपासता येते. केवढे देखणे निदान!

आता ते दहा टक्के. नव्वद टक्के खनिज संपते, तेव्हाही गाभ्याची त्रिज्या मूळच्या ४६ टक्के उरलेली असते, कारण गोलाचा बहुतेक ऐवज बाहेरच्या थरांतच असतो. क्रिया मंद असेल तर उरलेल्या दहाव्या हिश्श्याला एकूण वेळेच्या ४६ टक्के लागतात. बोळ अडवत असेल तर सुमारे ४५. नव्वद टक्क्यांवर थांबून सांगितलेला वेग म्हणूनच फसवा असतो.

प्रत्यक्षात गाभा आणि कवच यांच्यात अशी रेघ नसते. मध्ये अर्धवट क्रिया झालेला पट्टा असतो. तो हिशेबात घेणारे व्यापक प्रारूप पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एल. के. डोरायस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडले. पुढे १९८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेतल्या एम. एम. शर्मांबरोबर लिहिलेल्या द्विखंडी ग्रंथाचा पहिला खंड वायू आणि घन पदार्थांच्या क्रियांना वाहिलेला आहे. हरित पोलादावर भरभरून लिहिणाऱ्या आपल्या वृत्तपत्रांत या पुणे-मुंबईच्या कामाला चार ओळीही मिळत नाहीत, याची मला खंत वाटते.

हायड्रोजनने या गणितात आणखी एक अडचण आणली आहे. त्याचा रेणू छोटा, त्यामुळे तो कवचातून कोळशापासून मिळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडपेक्षा चपळाईने आत जातो. पण त्याची क्रिया उष्णता शोषून घेते. गोळी आतून थंड पडली की क्रिया रेंगाळते. म्हणून वायूच्या समीकरणाबरोबर उष्णतेचे समीकरणही सोडवावे लागते, आणि ते भट्टीतल्या प्रत्येक उंचीवर निराळे असते.